धातू न वितळविता सांधा : ब्रेझिंगचे तंत्र व त्याचे लाभ

(लघुउद्योजक व कारागीर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दख्खनच्या काळ्या कातळात विहीर खोदणे किती कष्टाचे असते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सांगावयास नको. मुरुमाचा थर संपला की पहार आणि टिकाव यांचे काम संपते. मग जॅकहॅमरने भोके पाडून सुरुंग लावावे लागतात. कातळात शिरणाऱ्या त्या पोलादी सळईच्या टोकाला, एका खाचेत, टंगस्टन कार्बाइडची लहानशी पट्टी बसविलेली असते. खडक फोडते ती ही पट्टी. मागची सळई केवळ घाव पोहोचविण्याचे काम करते. मिनिटाला सुमारे दोन हजार घाव सोसूनही ती पट्टी सळईला धरून राहते, ती कशाच्या बळावर? तिला खिळा नाही, आटे नाहीत, आणि तिचे वेल्डिंगही केलेले नसते. कारण कार्बाइड हा ठिसूळ पदार्थ असून पोलादाबरोबर तो वितळवू गेल्यास तडकतो. पट्टी आणि सळई यांच्यामध्ये कागदाएवढ्या जाडीचा एका मिश्रधातूचा पापुद्रा असतो आणि सारा भार त्या पापुद्र्यावर असतो. असा पापुद्रा दोन भागांमध्ये भरण्याच्या क्रियेस ब्रेझिंग म्हणतात.

उष्णतेच्या साह्याने धातू जोडण्याच्या तीन पद्धती कारखान्यांत नित्य वापरात आहेत. वेल्डिंगमध्ये जोडावयाच्या भागांच्याच कडा वितळवून एकजीव केल्या जातात. सोल्डरिंगमध्ये कथील हा मुख्य घटक असलेल्या मऊ व लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने भाग जोडले जातात. ब्रेझिंग या दोहोंच्या मध्ये येते. त्यात मूळ भाग घनरूपच राहतात, आणि त्यांच्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारा तिसरा जोडधातू त्यांच्यामधील बारीक फटीत शिरून गोठतो. जोडधातू ४५० अंश सेल्सिअसच्या खाली वितळत असेल तर ते सोल्डरिंग आणि त्यावर वितळत असेल तर ते ब्रेझिंग, अशी सीमारेषा तंत्रज्ञांनी मानलेली आहे.

नाव इंग्रजी असले तरी हे तंत्र मराठी कारागिराला नवे नाही. सोनार ज्याला रेण म्हणतो आणि तांबट ज्याला डाख म्हणतो, ते हेच. सोनाराची फुंकणी, त्याची सवागी म्हणजेच टाकणखार, आणि चांदीच्या डाखाचे बारीक तुकडे, एवढ्या सामग्रीत ब्रेझिंगचे संपूर्ण शास्त्र सामावलेले आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ज्या कामासाठी प्रसिद्ध आहे, त्या प्रकारच्या जुन्या तांब्याच्या घागरी किंवा हंडे पाहिले तर पुष्कळदा त्यांच्या पोटावर एक पिवळसर दातेरी रेघ दिसते. पत्र्याच्या एका कडेला दाते कापून ते दुसऱ्या कडेवर आलटून पालटून बसवावयाचे, ठोकून सपाट करावयाचे आणि वर पितळी डाख व टाकणखार देऊन भट्टीत झाळावयाचे, अशी ती रीत होती. दाते कशासाठी, हे त्या कारागिरांनी पुस्तकातून शिकलेले नव्हते. परंतु त्यामागील कारण आजच्या अभियंत्यालाही तितकेच लागू पडते, आणि ते फटीच्या व चढाईच्या विचारात दडलेले आहे.

फटीचे गणित

दिव्याच्या वातीत तेल चढते ते केशाकर्षणाने. दोन पृष्ठभाग एकमेकांच्या अगदी निकट असले की त्यांना भिजविणारा द्रव त्यांच्यामध्ये आपोआप ओढला जातो. प्रसंगी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्धही चढतो. ब्रेझिंगचा जोडधातू सांध्यात ओतावा लागत नाही, ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी फट नेमकी हवी. चांदीयुक्त जोडधातूंसाठी ०.०५ ते ०.१३ मिलिमीटर एवढी फट सर्वसाधारणपणे योग्य समजली जाते. वृत्तपत्राचा कागद साधारण याच मापात बसतो. फट याहून फार कमी असेल तर अभिवाह, म्हणजे कारखान्यात ज्याला सर्रास फ्लक्स म्हणतात तो, आत पोहोचत नाही किंवा आत अडकून बसतो. फार मोठी असेल तर केशाकर्षण दुबळे पडते आणि सांध्यात पोकळ्या राहतात.

येथे एक गोष्ट नवशिक्याला सहसा पटत नाही. जोडधातूचा थर जितका पातळ, तितका सांधा बळकट. चांदीच्या काडीचा एक तुकडा यंत्रात धरून ताणला तर तो ज्या भाराला तुटेल, त्याहून कितीतरी अधिक भार त्याच धातूचा पातळ थर पोलादाच्या दोन भागांमध्ये राहून पेलतो. मऊ धातू ताणाखाली लांबतो, मध्ये बारीक होतो आणि तुटतो. परंतु दोन्ही बाजूंच्या कठीण पोलादाने घट्ट पकडलेल्या पापुद्र्याला असे बारीक होण्यास वावच मिळत नाही. म्हणून सांध्याच्या बाहेर काडी वितळवून ढीग रचणे हा निव्वळ अपव्यय होय. वेल्डिंगची सवय झालेला हात हीच चूक वारंवार करतो. त्याला भरीव माळ दिसल्याशिवाय समाधान वाटत नाही. ब्रेझिंगमध्ये मात्र काम डोळ्यांआड, फटीत झालेले असते.

चढाईचेही तसेच आहे. टोकाला टोक भिडवून केलेल्या सांध्यात जोडधातूला क्षेत्रफळ फार थोडे मिळते. एक भाग दुसऱ्यावर चढविला की ते हवे तेवढे वाढविता येते. दोन भागांपैकी जो पातळ असेल त्याच्या जाडीच्या तिप्पट चढाई ठेवावी, हा व्यवहारातील नियम आहे. तांबटाचे दाते या नियमाचाच एक चतुर आविष्कार होते. पत्रा टोकाशी टोक लावूनही सांध्याची लांबी त्याने नागमोडी करून वाढविली आणि आगीत पत्रे हलू नयेत याची सोयही करून ठेवली.

फटीचा विचार आर्थिकदृष्ट्याही करावयास हवा, कारण चांदी महाग आहे. १२ मिलिमीटर व्यासाची नळी दुसऱ्या नळीत १० मिलिमीटर खोल बसविली आणि फट ०.१ मिलिमीटर ठेवली, तर ती भरण्यास सुमारे एक तृतीयांश ग्रॅम जोडधातू पुरतो. काडीत ४५ टक्के चांदी असेल तर प्रत्यक्ष चांदी १६ सेंटिग्रॅमच्या आसपास लागते. तीच फट निष्काळजीपणे ०.४ मिलिमीटर झाली तर चौपट चांदी खर्च होऊन सांधा उलट कच्चा राहतो. “चांदीची काडी परवडत नाही” अशी तक्रार करणाऱ्या कारखानदाराने काडीच्या दराआधी आपल्या लेथवरील मापे तपासावीत, हे बरे.

मापे घेताना आणखी एक खबरदारी हवी. फट मोजावयाची ती थंड भागांवर नव्हे, ब्रेझिंगच्या तापमानाला ती किती उरेल याचा हिशेब करून. पोलादी कड्यात २५ मिलिमीटर व्यासाचा पितळी खुंट बसवावयाचा असेल तर ६५० अंशांपर्यंत तापविताना पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि व्यासातील मोकळीक एक दशांश मिलिमीटरहून अधिक घटते. थंड असताना अचूक वाटलेला सांधा आगीत पूर्ण बंद होतो आणि जोडधातू बाहेरच राहतो. याउलट खुंट पोलादी व कडे पितळी असेल तर फट वाढते.

वेल्डिंगहून सरस कोठे

ब्रेझिंगचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे भिन्न जातीचे धातू एकत्र आणण्याची त्याची शक्ती. तांबे व पोलाद, पितळ व स्टेनलेस स्टील, कार्बाइड व पोलाद या जोड्या वेल्डिंगच्या ज्योतीत एकतर जमत नाहीत किंवा ठिसूळ होतात. ब्रेझिंगमध्ये मूळ धातू वितळतच नसल्याने त्यांचे द्रवणांक जुळण्याची आवश्यकता राहत नाही. प्रसरणातील तफावत मात्र सांभाळावी लागते. कार्बाइड तापल्यावर पोलादाच्या साधारण निम्म्यानेच प्रसरण पावते. गार होताना पोलाद अधिक आकसते आणि कार्बाइडला तडा जाण्याची भीती असते. म्हणून मोठ्या पट्टीखाली तीन थरांची पन्नी घालतात. तिच्या दोन्ही अंगांना जोडधातू आणि मध्ये तांब्याचा पत्रा असतो. मऊ तांबे दोहोंमधील ओढाताण स्वतः सोसते.

दुसरा लाभ पातळ कामात दिसतो. वेल्डिंगची तीव्र, एका ठिकाणी एकवटलेली आच पातळ पत्र्याला भोक पाडते किंवा वाकविते. ब्रेझिंगमध्ये संपूर्ण सांधा कमी तापमानाला, सावकाश व सारखा तापतो. जुन्या पोलादी सायकलींच्या सांगाड्यात पातळ नळ्या साच्याच्या खोबणीत बसवून पितळाने झाळलेल्या असत, त्या यामुळेच. रॉकेलच्या प्रेशर स्टोव्हचा बर्नर हेही घरोघरचे उदाहरण होते. पितळी नळ्यांचा तो गुंता लाल होईपर्यंत तापे. कथलाचा सांधा त्या आगीत केव्हाच गळून पडला असता.

तिसरा लाभ संख्येचा आहे. वेल्डर एका वेळी एक सांधा करतो. नियंत्रित वायू किंवा निर्वात असलेल्या भट्टीत मात्र जोडधातू आधीच जागच्या जागी ठेवलेले भाग एकदम सरकविता येतात आणि शेकडो सांधे एकाच आचेत पुरे होतात. मोटारीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरमधील नळ्या व पंख असेच जोडले जातात. तेथील कसोटी अवघड, कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि सिलिकॉन मिसळलेला त्याचा जोडधातू ५८०च्या सुमारास, म्हणजे मधले अंतर फार थोडे. १९६९ साली माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या एफ-१ इंजिनाची ज्वलनकोठीही शेकडो नळ्या भट्टीत ब्रेझ करून घडविली होती. त्या नळ्यांतून इंधन फिरून कोठीची भिंत थंड राखी. मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या क्रायोजेनिक इंजिनांचे भाग तयार होतात. दुहेरी भिंतीच्या अशा कोठ्यांना निर्वात ब्रेझिंगवाचून पर्याय फारच थोडे. सोनाराच्या फुंकणीपासून तेथपर्यंतचा प्रवास दूरचा खरा. पण फट, स्वच्छता आणि सारखी आच, या अटी दोन्ही टोकांना त्याच आहेत.

लस ठेवण्याच्या फ्रिजमधील सांधा

सर्वसामान्य माणसाच्या जीवनाशी ज्या ब्रेझिंगचा सर्वाधिक संबंध येतो ते प्रशीतन यंत्रातील होय. प्राथमिक आरोग्य केंद्रातील फ्रिजमध्ये बालकांच्या लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. त्या यंत्रातील वायू नळ्यांच्या बंद मंडलात फिरतो आणि त्या मंडलाचा प्रत्येक सांधा ब्रेझ केलेला असतो. सुईच्या अग्राहूनही सूक्ष्म छिद्र राहिले तर वायू महिनोन्महिने थेंबाथेंबाने निसटतो आणि एके दिवशी फ्रिज गार होईनासा होतो. सांधा दुरुस्त करण्यास चार-दोन रुपयांची काडी पुरेल. बिघडलेल्या लसीची आणि चुकलेल्या डोसाची भरपाई तशी होत नाही.

दुरुस्ती करणाऱ्याच्या पिशवीत सामान्यतः तांबे व फॉस्फरस यांची काडी असते. तांब्याला तांबे जोडण्यास ती उत्तम. फॉस्फरस स्वतःच तांब्यावरील ऑक्साइडचा थर दूर करतो, म्हणून वेगळा फ्लक्स लागत नाही. शिवाय ती स्वस्त. परंतु पुष्कळ फ्रिजमध्ये कंडेन्सरची नळी पोलादाची असते. तेथेही तीच काडी वापरली की फॉस्फरस लोखंडाशी संयोग पावून काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. सांधा त्या दिवशी चकचकीत दिसतो, दाबाच्या चाचणीतही उतरतो. पुढे कंप्रेसरच्या कंपनांनी त्याला केसासारखी चीर पडते. पोलाद आले की चांदीची काडी आणि फ्लक्स घ्यावयाचा, यात तडजोड नाही. काडीच्या निवडीतील हा एक विवेक प्रशिक्षणात जेवढा ठसविला जावा तेवढा थोडा.

आतल्या बाजूचेही भान हवे. तांब्याची नळी ७०० अंशांना तापली की आतील हवेने तिच्या अंगावर काळी खपली धरते. ती सुटून पुढे जाते आणि एक मिलिमीटरहून बारीक भोक असलेल्या केशनळीत अडकते. म्हणून ब्रेझिंग चालू असताना नळीतून कोरड्या नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडावा. नायट्रोजनचे नळकांडे जवळ नाही म्हणून ऑक्सिजनने दाब देणे हा प्रकार प्राणघातक आहे. आतील तेलाशी दाबाखालील ऑक्सिजनचा संयोग होऊन स्फोट होतो. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. तो पूर्णपणे काढून, नायट्रोजनने नळ्या धुऊन घेतल्याशिवाय ज्योत पेटवू नये.

ज्योत धरण्याची रीत थोडक्यात अशी : आतल्या नळीला प्रथम तापवावे, म्हणजे उष्णता आत शिरते, नंतर बाहेरच्या भागाला, दोन्ही भाग सारखे तापल्यावर काडी सांध्याच्या तोंडाला टेकवावी. काडी ज्योतीने नव्हे, तापलेल्या धातूने वितळली पाहिजे. वितळलेला जोडधातू उष्णतेकडे धावतो, त्यामुळे ज्योत जिकडे न्यावी तिकडे तो येतो.

धुरातील धोका

या तंत्राची एक बाजू कारागिराच्या आयुष्याशी निगडित आहे आणि तिच्याकडे होणारे दुर्लक्ष गंभीर आहे. चांदीच्या काही काड्यांत कॅडमियम मिसळलेले असते. ४५ टक्के चांदी, १५ टक्के तांबे, १६ टक्के जस्त आणि २४ टक्के कॅडमियम हा जोडधातू ६२० अंशांच्या आतच पाण्यासारखा वाहू लागतो; काम सोपे होते, चांदीही वाचते. परंतु कॅडमियम ७६७ अंशांना उकळते. ज्योत जरा जास्त वेळ राहिली की त्याची वाफ होते आणि हवेत तिचा ऑक्साइड बनतो. हा धूर श्वासावाटे जातो तेव्हा तत्काळ फारसे काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा घरी गेल्यावर, ताप, खोकला, अंगदुखी सुरू होते. साधी सर्दी समजून माणूस झोपतो. परंतु फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला परिचित आहेत. थोडा थोडा धूर वर्षानुवर्षे जात राहिला तर मूत्रपिंडे निकामी होतात, आणि कॅडमियमची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत होते.

सराफीतील “केडीएम” हा शब्द ग्राहकांच्या ओठी कित्येक वर्षे होता. तो या कॅडमियमवरूनच आला. दागिन्याची शुद्धता टिकते एवढेच ग्राहकाला ठाऊक होते, फुंकणीसमोर बसलेल्या कारागिराच्या छातीत काय जाते हे नव्हे. युरोपीय संघाने २०११ साली ब्रेझिंगच्या काड्यांतील कॅडमियमवर बंदी आणली. पर्याय उपलब्ध आहेत : ५६ टक्के चांदी, २२ टक्के तांबे, १७ टक्के जस्त आणि ५ टक्के कथील असलेला जोडधातू ६५० अंशांच्या सुमारास वाहतो आणि खाद्यपदार्थांच्या भांड्यांनाही चालतो. तो महाग पडतो हे खरे; पण हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावांत जेथे घरातच भट्टी असते आणि तेथेच मुलेबाळे वावरतात, तेथे हा खर्च केवळ कारागिरापुरता मोजून चालणार नाही. काडी खरेदी करताना वेष्टणावरील घटक वाचावेत, आणि घटक लिहिलेले नसतील तर ती काडी घेऊ नये. काम उघड्या, वारा खेळत्या जागी करावे. फ्लक्समधील फ्लोराइडचा धूरही अपायकारक असल्याने ही काळजी कॅडमियम नसतानाही सुटत नाही. शिवाय काम झाल्यावर फ्लक्सचे अवशेष गरम पाण्याने धुऊन काढावेत, अन्यथा ते सांध्याला हळूहळू खातात.

ब्रेझिंग सर्वत्र चालते असे मात्र नाही. पूल, इमारतींचे सांगाडे, जाड पोलादी तुळया यांना वेल्डिंगच योग्य. एवढे मोठे काम सारखे तापविणेच शक्य नसते. यंत्राचा भाग वापरात फार तापणार असेल तर जोडधातू आधी मऊ पडतो. नळाच्या पाण्यात राहणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सांध्यात चांदीचा थर आणि पोलाद यांच्या सीमेवर गंज शिरून सांधा सुटू शकतो, आणि गंधकयुक्त वायूंच्या सान्निध्यात फॉस्फरसची काडी टिकत नाही.

उरतो प्रश्न परीक्षेचा. ब्रेझिंगचे काम आत दडलेले असल्याने बाहेरून चांगल्या-वाईटाचा निर्णय होत नाही, आणि प्रत्येक लहान कारखान्याला क्ष-किरण यंत्र परवडणारे नाही. त्यावर सोपा उपाय असा की, दर आठवड्याला प्रत्येक कारागिराचा एक नमुना सांधा करवतीने उभा कापावा, कापलेले तोंड कानशीने व पॉलिश पेपरने गुळगुळीत करावे आणि भिंगाखाली पाहावे. जोडधातूची रेघ अखंड व सारख्या जाडीची असेल तर काम नीट झाले. रेघेत काळे ठिपके असतील तर फ्लक्स आत अडकला किंवा नळी तेलकट होती; रेघ वाटेतच थांबली असेल तर आतला भाग पुरेसा तापला नव्हता; एका अंगाला भरून दुसऱ्या अंगाला कोरडी असेल तर ज्योत एकाच बाजूने राहिली; आणि रेघ एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला नाहीशी झालेली असेल तर दोष ज्योतीचा नसून नळी तिरकी बसविणाऱ्याचा आहे.